राजा आला म्हणून वाजव

माझं सगळं आयुष्य खलनायकांच्या जिवावर गेलं, आणि तेही शहाण्यासुरत्या खलनायकांच्या नव्हे, मूर्खांच्या. कारस्थान रचताना ज्यांची मिशी मेणबत्तीला लागते, पळताना ज्यांचा झगा दारात अडकतो, अशा लोकांच्या पाठीमागे जे वाजतं ते मी वाजवते. लग्नकार्यात कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी सरळ सांगते, जपानी कार्टूनमधल्या विनोदी दुष्टांचं पार्श्वसंगीत. समोरचा माणूस हातातली जिलेबी तशीच धरून म्हणतो, "म्हणजे, नक्की काय?" पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली तरी हा प्रश्न काही संपत नाही. परवा भाचीनं मला दटावलं की कार्टून म्हणायचं नाही, अॅनिमे म्हणायचं. म्हणू दे तिला. आम्ही ते काम हातात घेतलं तेव्हा या शब्दाशी आमची ओळख नव्हती, आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नाही. त्या कार्टूनांशी ओळख कशी झाली आणि या धंद्यात माझा पाय कसा पडला ते एकदा नीट लिहून ठेवायचं होतं. मी ते फुशारकीनंच लिहिणार आहे, कारण तो आठवडा फुशारकी मारण्यासारखाच होता.

आम्ही जोगेश्वरीला राहायचो, पूर्वेच्या बाजूला, जिथे रस्ता चढायला लागतो तिथल्या चाळीत. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते चार महिने घरात बसले आणि मग साकीनाक्याच्या एका गाळ्यात नटबोल्टांची खोकी भरायला जाऊ लागले. आई मालवणी मसाला करून चाळीत आणि आसपास द्यायची, त्यामुळे आमच्या घरात बारा महिने कुणी ना कुणी शिंकत असायचं. पाहुणा आला की आधी दोन शिंका आणि मग रामराम. शुक्रवारी बांगड्याचं तिखलं, त्यात त्रिफळं, सोबत उकड्या तांदळाचा भात. आई तव्यावर घावणे घालायला लागली की पिठाचा जो चर्र आवाज होतो त्यावरून तवा किती तापलाय हे मी आतल्या खोलीतून सांगायची. कान तिखट होता माझा, हे आधीपासूनच. बाबांच्या गावाकडची माणसं दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये दशावताराची तालीम करायची आणि बाबा पखवाज वाजवायचे. पेटी वाजवणारे भाऊकाका कायमचे गावी निघून गेले तेव्हा पेटीवर मी बसले. मुलीची जात पेटीवर कशी, म्हणून दोघातिघांनी नाकं मुरडली. बाबा म्हणाले, "तुमच्यातलो कोण वाजवता तो पुढे येवा." कुणी पुढे आलं नाही.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. एक लाकडी बाक, एक पेटी, एक पखवाज, एक झांज, बस. नट मनाला येईल तेवढं बोलतो, मनाला येईल तेवढं नाचतो, आणि वाजवणाऱ्यानं त्याच्यामागे जायचं असतं. पेटी पखवाजाला कधी सोडत नाही आणि पखवाज नटाला. ही शिस्त माझ्या अंगात किती मुरली होती याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

नोकरी मात्र मी निराळीच करत होते. अंधेरीला दिनेशभाईंचा डबिंगचा स्टुडिओ होता, एका इमारतीच्या तळघरात, खाली लाँड्री आणि वर आम्ही असं मी सांगायची तेव्हा आई म्हणायची, तळघराच्या खाली लाँड्री कशी असेल गो. चूक माझीच, लाँड्री वर होती. तिच्या इस्त्रीचा वाफेचा वास आमच्यापर्यंत यायचा. तिथे परदेशी मालिकांना हिंदी आवाज द्यायचे. माझं काम टेप बघून कागदावर वेळा लिहायचं: कोण कधी बोललं, दार कधी वाजलं, संगीत कधी सुरू, कधी बंद. रेकॉर्डिंग करणारा फ्रान्सिस, वसईचा, तोंडानं फटकळ आणि हातानं हुशार. त्याच्या शेजारी एक कीबोर्ड झाकून ठेवलेला असायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर आमची नांदी वाजवत बसायची. फ्रान्सिस म्हणायचा, "सुलू, तू इथे टायमिंग लिहून वाया चाललीयेस यार." मला ते माहीत होतं. मला दुसऱ्याच्या संगीताच्या वेळा लिहायच्या नव्हत्या, मला संगीत करायचं होतं. पण टायमिंग लिहिणाऱ्या मुलीला हे कोण विचारणार?

मग ती जपानी मालिका आली. ढगांवरच्या गावात पतंगावर बसून टपाल वाटणारी एक मुलगी, आणि दर भागात तिची टपालाची पिशवी पळवायला येणारा एक बादशाह. हिंदीत आम्ही त्याचं नाव ठेवलं होतं बादशाह भूचाल. तो एका बेटाचा राजा होता आणि त्या बेटाची लोकसंख्या तीन, त्याला धरून. उरलेले दोघे त्याचे सरदार. पायघोळ झगा, भलामोठा मुकुट, आणि शेवटी दर वेळी ढगावरून खाली समुद्रात. आता गंमत अशी, की डबिंगसाठी टेप येते तेव्हा तिच्यावर बोलणं वेगळं आणि संगीत वेगळं असतं. बोलणं काढून टाकायचं, आपलं घालायचं. पण हा बादशाह आला की ते तिघे आपल्या संगीतावर गात-ओरडत यायचे, आणि त्या जागी जपानी आवाज आणि संगीत एकातच मिसळलेलं होतं. आवाज काढला की संगीतही गेलं. त्यामुळे आमच्या टेपवर बादशाह भूचाल यायचा तो मुक्यानं, एखाद्या बंद पडलेल्या सर्कशीत शिरल्यासारखा.

दिनेशभाईंनी तयार आवाजांच्या कॅसेटी आणून ती जागा भरली. टुईं, बोईंग, शिट्टी, कुणी पडलं की ढोल. चॅनलच्या मॅडम ते ऐकायला आल्या. गोऱ्या, कडक, हातात पेन्सिल. त्या कधी हसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पूर्ण भाग बघून त्या एवढंच म्हणाल्या, "हे नको. शुक्रवारपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर मालिका मी दुसरीकडे देते." त्या गेल्यावर दिनेशभाई खुर्चीत बसले ते उठेचनात. ओळखीचा संगीतकार गावाला गेलेला, दुसरा फोन घेईना. ते देवाला काहीतरी विचारत होते. मी म्हटलं, "मी करते."

"तू शुं करीश?" घाबरले की ते गुजरातीत जायचे.

"संगीत करते. शुक्रवारपर्यंत."

फ्रान्सिस म्हणाला, "करू दे ना बॉस. तशीही वाट लागलीच आहे." दिनेशभाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं रिकाम्या डब्यात काही उरलंय का बघतात, आणि मान हलवली. जमलं तर मालिकेचं संगीत माझं, नाही जमलं तर मालिका गेली, आणि ती कुणामुळे गेली हे तळघरात सगळ्यांना ठाऊक असणार होतं. त्यानंतर त्या कीबोर्डला मला कुणी जन्मात हात लावू दिला नसता. सोमवार होता तो.

शेजारच्या सावंतांकडून व्हीसीआर आणला, टेप लावली आणि पेटी पुढे घेतली. दोन दिवस मी त्या बादशाहवर तुटून पडले होते. त्याची चाल बघून मी खट्याळ सुरावट बांधली, तो डोळे वटारी तिथे वेडावणारा सूर, तो अडखळे तिथे पेटीही अडखळे. मला स्वतःला ते फार आवडलं होतं. आई मिरच्यांची देठं काढत बघत बसली होती. तिला विचारलं, कसं आहे?

"ह्यात हसासारख्या काय आसा गो?" ती म्हणाली. "तो मेलो आधीच येडो. तुझी पेटी तेच्यापेक्षा येडी. दोगव येडे, मगे बघूचा कोणाक?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरच्यांमुळे म्हणून खपवलं, पण आईला फसवणं सोपं नव्हतं. तेवढ्यात बाबा आले. हाताला ग्रीस, खांद्याला पिशवी. ते मोरीत हात घासत होते आणि तिथूनच टीव्हीकडे बघत होते. मग हात तसेच ओले ठेवून बाहेर आले.

"ह्येचे पाय खय आसत?"

"झग्याखाली."

"मगे तू कोणाक बघान वाजवतंस?"

"तोंडाकडे."

"तोंडाक बघान कोण वाजवता?" बाबांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "तोंड सोंग करता. ताल पायात असता. पाय दिसनत नाय तर झग्याची कड बघ. ती बघ, कशी हलता. एक, दोन, आणि मगे अडकता." ते टीव्हीपुढे उकिडवे बसले. "ह्यो कोण आसा?"

"राजा. तीन माणसांच्या बेटाचा."

"तेका काय वाटता? आपण राजा आसंव?"

"त्याला तेच वाटतं. बाकी कुणाला वाटत नाही."

"मगे राजा इलो म्हणान वाजव. संकासुर नाचता तेवा लोक पोट धरून हसतत, पण मी कधी हसलंय? पखवाज हसलो तर संपला. हसाचा काम लोकांचा."

संकासुर म्हणजे आमच्या दशावतारातला विनोदी राक्षस, काळा, उड्या मारणारा, वेद चोरून नेणारा. त्याच्यामागे बाबा किती गंभीरपणे वाजवतात हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि त्यातून काही शिकायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी जे जे बांधलं होतं ते सगळं सोडून दिलं. पेटीवर भरदार सूर धरला, जसा आम्ही इंद्राच्या दरबाराला धरतो, आणि बाबांनी मांडीवर ठेका दिला. बादशाह भूचाल मुकुट सावरत ढगावर आला. पहिल्यांदाच तो खरा राजा वाटला, आणि म्हणून, दोन पावलांनी त्याचा झगा अडकला तेव्हा, आईच्या हातातली मिरची खाली पडली. ती हसत होती. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, पण हसत होती. मी उठून नाचायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

गुरुवारी बाबांनी रजा घेतली आणि आम्ही रिक्षानं अंधेरीला गेलो, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला पखवाज आणि हातात स्टीलचा डबा. डब्यात कणीक भिजवलेली होती. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणकेचा गोळा थापल्याशिवाय त्यातून तो खोल आवाज निघत नाही. दिनेशभाईंना वाटलं, काका जेवणाचं घेऊन आलेत. बाबांनी डबा उघडून कणीक पखवाजाला लावायला घेतली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "इसको रोटी खिलाता है क्या?" ते फ्रान्सिसला हळूच म्हणाले. हेडफोन घालायला बाबांनी साफ नकार दिला. स्वतःचा पखवाज ऐकू येत नाही म्हणाले. त्यांच्यासमोर चित्राचा पडदा, आवाज बंद, आणि शेजारी कीबोर्डवर मी. पेटीचा सूर आम्ही त्यातूनच काढला होता.

प्रवेश झाला, सुरेख. कारस्थान झालं. पिशवीसाठी झटापट झाली. मग बादशाह ढगाच्या टोकावर पाय घसरून खाली गेला. त्या जागी माझ्याच अक्षरात कागदावर लिहिलं होतं, संगीत बंद, शांतता. मूळ जपान्यांनीही तिथे थांबवल्याचं टेपवरून कळत होतं. मी बोटं उचलणार, तोच लक्षात आलं की बाबा थांबलेले नाहीत. पडद्यावर नुसतं मोकळं आभाळ, ढगाच्या कडेला लटकलेला मुकुट, आणि बाबा त्याच थाटात, त्याच गांभीर्यानं, धुमकिट तकिट तका. आणि माझी बोटं? ती पखवाजाला सोडून थांबायला शिकलीच नव्हती. तीही चालू राहिली. फ्रान्सिस काचेपलीकडून हात हलवत होता, गळ्यावर बोट फिरवत होता. बाबांचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. सहा सेकंदांनी, खाली खूप खोलवर, समुद्रात एक ठिपका झाला आणि त्यातून बादशाहचं डोकं वर आलं. बाबांनी तिहाई घेतली, समेवर हात ठेवला आणि थांबले.

"काका, तो पडला ना!" फ्रान्सिस आत आला. "खल्लास झाला! तुम्ही कुणासाठी वाजवताय?"

"पडलो, पण अजून उठलो खय होतो?" बाबा शांतपणे म्हणाले. "राक्षस पडलो तरी तो उठान पाया पडासर पखवाज थांबवूचो नसता. तेचो अपमान होता. आता तेना डोक्या वर काढल्यान, आता थांबलंय."

आमच्याकडे तीच रीत. मेलेला राक्षस बाकामागून उठतो, पेटी-पखवाजाला नमस्कार करतो आणि निघून जातो. तोपर्यंत त्याचा मान त्याला मिळत राहतो. पण हे जपानला कोण सांगणार? दिनेशभाई म्हणाले, पुन्हा घ्या. फ्रान्सिस म्हणाला, सहाला दुसरी पार्टी आहे, पुन्हा घ्यायला वेळ नाही, शेवटचे सहा सेकंद कापून टाकतो. दिनेशभाई निश्चिंत होऊन वर लाँड्रीवाल्याकडे चहाला गेले. मी म्हटलं, कापायच्या आधी एकदा चित्रासकट दाखव. त्यानं दाखवलं. मोकळं आभाळ, लटकता मुकुट, आणि जो राजा तिथे नाहीच त्याच्या मागे चाललेली ती दिमाखदार सलामी. फ्रान्सिस आधी नाकातून हसला, मग टेबलावर डोकं टेकून हसला.

"नको कापू," मी म्हटलं.

"सुलू, कागदावर शांतता लिहिलीय. तूच लिहिलीयस. मॅडम पेन्सिल घेऊन बसते, माहितीये ना? मालिका जाईल यार."

मला माहीत होतं. भीती वाटत होती, उगाच शूरपणाचा आव आणत नाही. सरळ मार्गानं गेले असते तर प्रवेशाच्या जोरावरही कदाचित निभावलं असतं. पण आईचं तोंडाला पदर लावून हसणं मी पाहिलं होतं आणि हे त्याहून मोठं होतं, हे माझा कान सांगत होता. मी तो कागद घेतला, "शांतता" खोडलं, आणि त्यावर लिहिलं, "संगीत चालू." फ्रान्सिसनं कपाळाला हात लावला, पण कापलं नाही. आज मोठमोठे लोक माझ्याकडे येऊन विचारतात, तुमची शैली काय. शैली कसली? एक शब्द खोडला, एवढंच.

शुक्रवारी मॅडम आल्या. दिवे मंद झाले. बादशाह थाटात आला, मॅडम हलल्या नाहीत. झगा अडकला, पेन्सिल टेबलावर एकदा वाजली, बस. मग तो पडला, आणि सलामी चालूच राहिली. दिनेशभाई दचकून फ्रान्सिसकडे वळले, फ्रान्सिस छताकडे बघू लागला. एक सेकंद, दोन, तीन. चौथ्याला मॅडमच्या बाजूनं असा आवाज आला की मला वाटलं त्यांना ठसका लागला. पडद्यावर मुकुट लटकत होता तेव्हाच त्यांनी चष्मा काढला. खांदे हलत होते. समुद्रातून डोकं वर आलं, तिहाई झाली आणि त्या कडक बाई मोठ्यानं, लहान मुलीसारख्या हसल्या. "पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. तीनदा लावलं, तीनदा हसल्या. मग पेन्सिल उचलून कागदावर ठेवली.

"इथे शांतता होती. कुणी खोडली?"

"मॅडम, वो गलती से..." दिनेशभाई उठले.

"गलतीनं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मी खोडली. संगीत माझं आहे. पखवाज माझ्या बाबांचा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "जपानला मी कळवते, हे असंच राहील. पुढचे सगळे भाग तुम्हीच करा. हवं तर त्या मुलीचं, नायिकेचंही करून बघा."

दुसरं कुणी असतं तर हात जोडून हो म्हणालं असतं. मी म्हटलं, "नायिकेचं कुणीही करील. मला दुष्टच द्या."

दुपारीच मी रिक्षा पकडून साकीनाक्याला गेले. गाळ्यात मशीनचा खडखडाट होता आणि बाबा खोक्यांच्या ढिगामागे बसून बोल्ट मोजत होते. मी ओरडून सांगितलं, तरी त्यांना ऐकू गेलं नाही. मग जवळ जाऊन कानात सांगितलं. त्यांनी हातातलं खोकं पूर्ण भरलं, पट्टी लावली, बाजूला ठेवलं.

"किती भाग?"

"सगळे. दर गुरुवारी रेकॉर्डिंग."

बाबा उठले, पॅंटला हात पुसले आणि मशीनच्या आवाजावरून शेठला हाक मारली. इतका मोठा आवाज त्यांनी त्या गाळ्यात पूर्वी काढला नसावा, कारण सगळे वळून बघू लागले.

"शेठ, मेरेको हर गुरुवार को छुट्टी मंगता."

"हर गुरुवार? कायको?"

"काम है," बाबा म्हणाले.